पत्रकाच्या तळाशी चार नावं

खाला, तुझं नाव मी इथे लिहिणार नाही. हे वाचून तू हसली असतीस. "आत्ता शहाणपण सुचलं का, पत्रक?" म्हणाली असतीस. तुझ्या हसण्यात टोमणा किती आणि माया किती, ते मला कधीच नीट कळलं नाही.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. तुझ्या खोलीची किल्ली काल मी इमारत सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरच्या हातात दिली. त्याने भिंतीतली खिळ्यांची भोकं मोजली, खिडकीची कडी ओढून पाहिली, आणि जाता जाता म्हणाला, "शांत बाई होत्या." मला त्याचा रागच आला. तू शांत कधी होतीस? तुला त्याची भाषा अर्धीच येत होती, म्हणून त्याला तसं वाटलं.

मी हे मराठीत लिहितेय, कारण मला राग मराठीतच नीट येतो. आपण दोघी मोडक्या जर्मनमध्ये बोलायचो, अडलं की इंग्रजीत. मराठीतले दोनच शब्द तू उचललेस. 'अगं' हा माझ्या आणि आईच्या फोनवरून, आणि 'पत्रक' हा माझ्या तोंडून दिवसातून दहा वेळा ऐकून. मग तेच माझं नाव ठेवलंस. "अगं पत्रक, एस्सेन!" म्हणजे जेवायला ये. मी तुला खाला म्हणायला लागले. आमच्या श्रीरामपूरला शेजारच्या घरात मावशीला खाला म्हणायचे आणि तुमच्या सुदानमध्येही तसंच काहीसं म्हणतात हे कळल्यावर दुसरं काही म्हणायची गरजच उरली नाही.

आपली पहिली भेट तू येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगायचीस. परदेशी लोकांच्या कचेरीतला तो लांब बोळ, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि हातात नंबराची चिठ्ठी. माझा नंबर वगळून पुढचा पुकारला म्हणून मी खिडकीशी उभी राहून इंग्रजीत समानतेवर भाषण देत होते. मागून कुणीतरी माझी बाही ओढली. वळून बघते तर साडीसारखा अंगभर गुंडाळायचा फुलाफुलांचा मोठा तोब नेसलेली, पन्नाशीची, जाडजूड बाई. हातात थर्मासचं झाकण, झाकणात आल्याची काळी कॉफी.

"आधी पी," तू म्हणालीस. "मग ओरड. रिकाम्या पोटी ओरडलं की आवाज चिरकतो."

त्या बोळातल्या अर्ध्या लोकांना तू कॉफी पाजली होतीस. सुरक्षारक्षकालाही. मी विचारलं, हे सगळे ओळखीचे का? तू म्हणालीस, "आल्झो, हे बघ, रांगेत बसलेला माणूस अनोळखी कसा असेल?"

नंतर कळलं की तू वीस वर्षं हेच केलं होतंस. खार्टूमच्या एका रस्त्यावर, कडुनिंबाच्या सावलीत कोळशाची शेगडी, एक केटली, काचेचे पेले आणि विणलेली बुटकी स्टुलं. डोंगराकडच्या गावातून लढाईमुळे पळून आलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, नवरा मेलेल्या, नवऱ्याला सोडलेल्या, अशा सगळ्या बायका शेवटी त्या शेगडीशी येऊन बसायच्या. आणि मग गाडी यायची. बाईने पँट घातली तरी गुन्हा आणि बाई रस्त्यावर शेगडी मांडून बसली तरी गुन्हा, असा तो कायदा. पोलीस केटल्या उचलून नेत. दंड भरा, केटली सोडवा, पुन्हा बसा, पुन्हा गाडी. तू चहावाल्यांची संघटना बांधलीस ती सिद्धांत वाचून नाही. ठाण्यात जप्त केटल्यांचा ढीग पडला होता आणि आपली केटली कुठली हे एकटीला सांगता येईना, म्हणून सगळ्या मिळून गेलात.

इथे आश्रयासाठीच्या सुनावणीत समोरच्या साहेबाने तुला विचारलं होतं, "पण तुम्ही तर चहा विकत होतात. यात राजकारण कुठे आलं?" त्याचा आवाज काढून, चष्मा नाकावर ओढून, तू हे करून दाखवायचीस. मग स्वतःचं उत्तर द्यायचीस, छाती पुढे काढून. "हाच प्रश्न मी माझी केटली नेणाऱ्या पोलिसाला विचारला होता. त्याने उत्तर दिलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा."

लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. सगळं शहर लष्कराच्या दारात ठिय्या देऊन बसलं तेव्हा तुम्ही बायकांनी दोन महिने ते उभं धरलं होतं. तू हजारोंना चहा पाजलास. हुकूमशहा गेला, तो कायदाही गेला. आणि सत्ता वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा टेबलाभोवती कोण होतं? "घोषणा द्यायला आम्ही," तू म्हणायचीस, "आणि सह्या करायला मिशा." पुढे त्या मिशांपैकी बंदूकवाल्या मिशांनी बाकीच्या मिशांना हाकलून दिलं, आणि तू कैरोमार्गे या रसायनांच्या वासाच्या गावात, एका शाळेची फरशी पुसायला आलीस.

वैदेहीताईंच्या घरचं हळदीकुंकू आठवतंय? त्यांचे मिस्टर इथल्या कारखान्यात इंजिनिअर. माझ्यासोबत त्यांनी तुलाही बोलावलं. मी रागातच आले होते. सवाष्णींनाच कुंकू आणि बाकीच्यांनी घरी बसायचं, या प्रथेवर चार खणखणीत वाक्यं मी ट्राममध्ये पाठ केली होती. वैदेहीताईंच्या सासूबाई पुण्याहून आलेल्या. तुझ्याकडे बघून त्यांनी मला विचारलं, "यांचे मिस्टर काय करतात गं?"

मी माझं भाषण सुरू करणार एवढ्यात तू म्हणालीस, "काय विचारतात त्या?" मी जर्मनमध्ये सांगितलं.

"सांग त्यांना, नवरा तिकडे ठेवला आणि केटली घेऊन आले."

मी मराठीत सांगितलं. सासूबाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, मला हे चाळीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं!" म्हणाल्या आणि कुणाला न विचारता तुझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. मी माझी चार वाक्यं गिळून टाकली. परत येताना तू मला झापलंस. "एका खोलीत वीस बायका जमल्या होत्या. बोलवायला तुला किती दिवस लागले असते? आणि तू भांडायला निघाली होतीस."

पण खरं भांडण त्याहून जुनं होतं आणि ते मिटलंच नाही.

माझा जन्म पत्रकांच्या घरातला. आई टाकलेल्या बायकांची संघटना चालवायची. आमच्या घरात कोऱ्या कागदाचं कौतुक नव्हतं. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, चित्रं काढली. पिवळी, गुलाबी, हिरवी पत्रकं एका हाताने घडी घालायला मी सहाव्या वर्षी शिकले. आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी नावं असायची. कधी दहा, कधी चाळीस. त्या बायकांचं नाव रेशनकार्डावरून कापलेलं, घराच्या दारावर कधी लागलेलंच नाही, माहेरच्यांनी तोंडातून काढून टाकलेलं. आई म्हणायची, बाईचं नाव छापलं की बाई उभी राहते. छापून आलेलं आपलं नाव बोटाने चाचपत बसलेल्या बायका मी पाहिल्यात, खाला. पत्रकाच्या तळाला रिकामी जागा ठेवणं हे आमच्या घरात पाप होतं.

तुझ्याकडे नेमकं उलटं. तुमची पत्रकं तू साखरेच्या डब्यात ठेवायचीस आणि पेल्याखाली घालून गिऱ्हाइकाला द्यायचीस. त्यावर नाव नाही, पत्ता नाही, काही नाही.

"निनावी पत्रक म्हणजे भित्रं पत्रक," मी म्हणायचे.

"जा, जा. तुमच्याकडचे पोलीस फार सज्जन दिसतात."

"सज्जन नाहीत. पण नाव असलं की निदान कोर्टात उभं राहता येतं. माणूस गायब झाला तर कोण गायब झालं ते तरी कळतं."

"आमच्याकडे नाव असलं की गायब कुणाला करायचं ते कळतं." मग पेल्यात साखर ढवळत म्हणायचीस, "कागदाला नाव नसलं की तो सगळ्यांचा होतो, पत्रक. नाव लिहिलं की एकीचा."

असं आपण किती वेळा भांडलो! मला ते आवडायचं. मला वाटायचं, हे दोन चळवळींमधलं भांडण आहे, मोठं, पुस्तकातलं. यात कुणाचा जीव जाईल असं वाटलं नव्हतं.

मग तिकडे युद्ध सुरू झालं. ओमदुरमानमध्ये तुझी धाकटी बहीण, शाळेत इंग्रजी शिकवणारी, शाळा बंद पडल्यावर आणखी तिघींना घेऊन गल्लीतल्या लोकांसाठी स्वयंपाक करायला लागली. एक मोठं पातेलं, मसूर, मिळाली तर ज्वारी. पाणी मिळालं तर स्वयंपाक, नाही तर नाही. ती तुला आवाजी निरोप पाठवायची आणि तू मला ते भाषांतर करून ऐकवायचीस. आज कोण जेवलं, कोण आलंच नाही, कुणाच्या घराला तोफ लागली. त्या चौघींची नावं मला अशीच कळली. तू मला माणसं म्हणून सांगितलीस. एक गाते, एक फार तिखट घालते, एक नुकतीच बाळंत झालेली.

मी विचारलं होतं, त्यांना त्रास देणारे कुठल्या बाजूचे? तू म्हणालीस, "बंदुकीच्या बाजूचे."

महिला दिनाला चौकात आपण टेबल मांडायचं ठरवलं. पत्रक मी लिहिलं आणि तू ऐकलंस. एक वाक्य काढायला लावलंस, कारण त्यात गल्लीचं नाव होतं. मग म्हणालीस, "गेनाऊ, अगदी बरोबर. आता छाप." त्यावर कुणाचंही नाव नव्हतं. माझं तेवढं मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, इथल्या कायद्याला लागतं म्हणून.

आणि मी छापायला गेले. दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावर पत्रक दिसत होतं. खाली चार बोटं जागा रिकामी. मी ती बघत राहिले. मला काय वाटलं ते अगदी स्वच्छ आठवतं. मला वाटलं, ही जागा त्यांची आहे. युद्धाच्या बातम्यांमध्ये सेनापतींची नावं आहेत, त्यांच्या मोठमोठ्या फोटोंसकट. पातेलं चढवणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही. मी ती चारही नावं टाइप केली. ठळक अक्षरांत. तुला फोन करावा असं मनातसुद्धा आलं नाही. दोनशे प्रती काढल्या आणि दुकानदाराला म्हटलं, छान आल्यात.

चौकात तू उशिरा आलीस, शाळेची फरशी पुसून. वरचा कागद उचललास. जर्मन वाचायला तुला वेळ लागायचा, पण नावं वाचायला कुणालाच वेळ लागत नाही. तुझ्या चेहऱ्यावर काय आलं ते मला लिहिता येणार नाही. गठ्ठा पिशवीत घातलास आणि चौकभर फिरून लोकांच्या हातातले कागद परत मागायला लागलीस. "एंटशुल्डिगुंग, माफ करा, चुकीचा कागद. एंटशुल्डिगुंग." म्हाताऱ्या जोडप्याकडून, बाबागाडीवाल्या बाईकडून. एकीने पिशवीत टाकलेला तिला शोधायला लावलास. मी टेबलाशी उभी होते आणि मला लाज वाटत होती. तुझी, खाला. तू माझा तमाशा करतेस असं वाटत होतं.

हेम्सहोफ वस्तीतल्या तुझ्या घरापर्यंत आपण चालत गेलो.

"तू सगळ्यांसमोर..."

"अगं, आधी कागद मोज."

मी मोजले. तेवीस कमी होते.

"जर्मन बायकांनी नेलेत खाला, स्वयंपाकघरात लावतील."

"आणि त्यांच्या फोनला कॅमेरा नसतो?"

तेव्हा मी ते वाक्य बोलले. रस्त्यात थांबून, आवाज चढवून. "त्यांची नावं लोकांना कळावीत असं मला वाटलं! जगात कुणीतरी त्या चौघींना नावानं ओळखायला नको?"

"त्या चौघींना ओमदुरमानमध्ये सगळे नावानं ओळखतात," तू म्हणालीस. "तोच तर घोर आहे."

फोटो निघालाच. पुढच्या बाजूचा, चारही नावं स्वच्छ दिसतील असा. माझं नाव मागच्या बाजूला सुरक्षित राहिलं. कुणीतरी कौतुकाने तो कुठल्या तरी गटात टाकला आणि तिथून तो पुढे जात राहिला. तीन आठवड्यांनी बंदूकवाले स्वयंपाकघरात आले. त्यांनी नावं घेऊन विचारलं. गाणारी आणि बाळंतीण गावाकडे निघून गेल्या होत्या. तुझ्या बहिणीला आणि तिखट घालणाऱ्या बाईला नेलं. बहीण एकोणीस दिवसांनी परत आली. दुसरीचा पत्ता आजपर्यंत नाही. पातेलं त्यांनी गोळ्या घालून फोडलं.

तू मला हे भाजी निवडताना सांगितलंस. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. तू मान हलवलीस. "ते येणारच होते. चार गल्ल्यांपलीकडे कागद नव्हता, तिथेही आले." हे खरं असेल. खोटंही असेल. आपल्याला कधीच कळणार नाही. मी हट्ट धरला, मला बोल, शिव्या दे, हाकलून दे. तू देठं वेगळी काढत राहिलीस. मग म्हणालीस, "तुला शिक्षा हवी आहे म्हणजे तुला बरं वाटेल. मला कामं आहेत."

त्यानंतर आपण त्या विषयावर बोललो नाही. पोटाचं दुखणं वाढत गेलं, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी शब्द उच्चारला आणि तू मला म्हणालीस, हा शब्द मराठीत काय? मी म्हटलं, तोच. तुमचा क्रेब्स म्हणजे खेकडा, आमचा कर्करोगही खेकड्याचाच. दवाखान्यात मी रोज दुपारी यायचे. तू नर्सबाईंना आल्याची कॉफी शिकवत होतीस. मी एकदा विचारलं, बहिणीचा फोन येतो का? तू म्हणालीस, "तिकडे नेटवर्क नाही." शुक्रवारी दुपारी तू फोन कानाला लावून बसायचीस, एक शब्द न बोलता. मला वाटायचं बहिणीचे जुने निरोप ऐकतेस. मी बाहेर जाऊन उभी राहायचे, तुला निवांत ऐकता यावं म्हणून.

तू सकाळी गेलीस. तुमच्यात लगेच माती द्यायची रीत, पण इथे कागद पूर्ण व्हायला सहा दिवस लागले. मेल्यावरसुद्धा तुला रांगेत थांबवलं. कबरीपाशी पुरुष गेले. बायका तुझ्या खोलीत चटयांवर बसल्या, तीन दिवस. मी पेले विसळले.

पण बहिणीला मी पहिल्याच दिवशी फोन केला होता, तुझ्या फोनमधून नंबर काढून. ती आता बंदराच्या गावी आहे, एका शाळेच्या वर्गात, आठ कुटुंबांबरोबर. मी नाव सांगितलं, बातमी सांगितली. तिने अरबीत दुवा म्हटली. मग तुझ्यासारख्याच आवाजात, स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "फार त्रास झाला का?" मी म्हटलं, शेवटी नाही. मग ती म्हणाली, "मी ईदला तिच्याशी बोलायचं ठरवलं होतं."

मला कळेना.

"दर शुक्रवारी फोन करायची. मी उचलत नव्हते. तिने आमची नावं कागदावर छापली, तुला माहीत असेल. माझी बहीण! जिने मला शिकवलं की नाव तोंडातसुद्धा घ्यायचं नाही. मी विचारलं, का केलंस? तिने एवढंच लिहून पाठवलं, 'तुमची नावं लोकांना कळावीत असं मला वाटलं.' हे काय उत्तर झालं?"

खाला, माझं वाक्य. शब्दाला शब्द.

आणि मी काय केलं? ज्या मुलीने खिडकीपाशी, तुझ्याशी वादात, भर रस्त्यात कुठेच तोंड बंद ठेवलं नाही, ती गप्प बसली. "हो," म्हटलं. "काही लागलं तर सांगा," म्हटलं. फोन ठेवला.

दहा दिवस मी तुझ्यावर चिडून होते. हे कुणी सांगितलं होतं तुला? मी लहान होते का? कचेरीत माझी बाही ओढलीस, सासूबाईंपुढे माझं तोंड मिटवलंस, आणि इथेही न विचारता मध्ये आलीस. तुला वाटलं असेल, परक्या मुलीला ती माफ करणार नाही, बहिणीला कधीतरी करेल. हिशोब बरोबर होता. फक्त ईद तीन आठवडे लांब होती. तुला माझ्यावर एवढं ओझं टाकायचा अधिकार नव्हता, असं मी तुझ्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले. मग लक्षात आलं की ओझं टाकलं कुणी कुणावर.

परवा मी आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती तरी म्हणेल की नाव छापणं बरोबरच होतं. तिने आधी एकच विचारलं.

"त्यांना विचारलं होतंस?"

"कुणाला?"

"अगं, ज्यांची नावं टाकलीस त्यांना."

"आई, तिथे युद्ध चालू होतं."

"मी काय विचारतेय?" ती म्हणाली. "तू फक्त छापून आलेला गठ्ठा बघितलास. त्याच्या आधी मी आठ-आठ दिवस घरोघर फिरायचे. एकेकीपुढे बसायचे. भाऊ मारेल का, सासरचे पोरं हिसकावतील का, सगळं बोलायचो. अर्ध्या बायका नको म्हणायच्या. त्यांची नावं तू कधी वाचलीस का? नाही ना? कारण ती छापलीच नाहीत."

एवढी वर्षं पाठकोऱ्या बाजूवर पाढे लिहिले आणि ही बाजू मला दिसली नव्हती. त्या नको म्हणणाऱ्या बायकाही आमच्याच होत्या. तुझा नियम आणि आईचा नियम एकच होता, खाला. आपण दोन वर्षं ज्यावर भांडलो ते भांडण नव्हतंच. माझं फक्त अर्धं शिक्षण झालं होतं आणि त्या अर्ध्यावर मी चार बायकांचा जीव टांगला.

आज सकाळी मी तुझ्या बहिणीला पुन्हा फोन केला. त्याआधी कागदावर लिहून काढलं होतं, कारणांसकट. तिने उचलला तेव्हा कागद बाजूला ठेवला.

म्हटलं, "नावं मी टाकली. तुमच्या बहिणीने नाही. मी तिला विचारलं नव्हतं. तिने ते वाक्य लिहिलं, तेही माझं आहे."

पलीकडे मुलांचा गलका होता. तो लांब गेला. ती बाहेर आली असावी.

"तिला कधी कळलं?"

"चौकात. वाटायला सुरुवात झाल्यावर. तिने लोकांच्या हातातून परत मागून घेतले."

"किती?"

"तेवीस राहिले."

"म्हणजे बाकीचे सगळे आणले तिने."

"हो."

ती रडत नव्हती. श्वास ऐकू येत होता. माझ्या ओठांवर माफी आली होती, ती मी जेमतेम सुरू केली.

"थांब," ती म्हणाली. "तुझं नंतर. तुझं काय करायचं ते मला अजून माहीत नाही. आता मला माझ्या बहिणीशी बोलायचंय. फोन ठेव."

मी ठेवला, खाला. ती बोलत असेल. दहा महिन्यांचं साचलेलं आहे, वेळ लागेल. मी मध्ये येत नाही.